पऱ्हाटीचं कुंपण

कारंजा लाडच्या जुन्या वेशीतून बाहेर पडलं, की आधी कापसाच्या जिनिंगमधल्या, म्हणजे जिनातल्या, सरकीचा वास यायचा, मग म्हशींचा, आणि मग आम्ही यायचो. आमच्या वस्तीला नाव नव्हतं. कुणा शेटजीनं आपलं मुरमाड वावर चुन्याच्या रेघा मारून तुकड्यातुकड्यांनी विकलं होतं आणि विकताना जो एक इंग्रजी शब्द वापरला होता, तोच वस्तीला कायमचा चिकटला. लेआऊट. कुणी ‘कुठं राह्यता?’ विचारलं, की माझी आई आधी पदर सारखा करायची आणि मग म्हणायची, ‘लेआऊटात.’ ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई बंगल्यातून आली. शेटजीनं नकाशावर रस्ते, गटारं, शाळा आणि बगिचा काढून दिला होता. त्यातला बगिचा खरोखर आला. म्हणजे ‘नियोजित बगिचा’ अशी पाटी आली. तिच्या खांबाला वस्तीतल्या बकऱ्या पाळीपाळीनं बांधत आणि त्या बकऱ्यांनी बगिचा उगवायच्या आतच खाऊन टाकला, असं मी पुढं कित्येक पाहुण्यांना शपथेवर सांगितलं आहे. विजेचे खांबही आले, तारा आल्या नाहीत. तोवर खांबांना म्हशी अंग घासत. लेआऊटात विजेचा पहिला फायदा म्हशींना झाला.

वेशीच्या आतले लोक आम्हांला खेडवळ समजत. तिथं जैन मंदिरं, दगडी घरं, कापसाचा आणि धान्याचा मोठा बाजार. तिथल्या मुली शाळेत माझ्याशेजारी बसताना नाक जरा पलीकडं ठेवत, कारण मी सकाळी गोठ्यातलं शेण काढून आलेली असायची. आणि आम्ही धनजला आमच्या गावी गेलो, की काकू ओट्यावरूनच ओरडायची, ‘‘आल्या वं शयरातल्या बाया! सतरंजी टाका, भुईवर बसत नसतीन आता!’’ तेव्हा वाशिम जिल्हा जन्माला यायचा होता, आम्ही अकोल्यातले. म्हणजे धड गाव नाही, धड शहर नाही, नाव नाही, आणि जिल्हासुद्धा दुसऱ्याचा. मला मात्र हे फार आवडायचं. शाळेत मी गावाकडच्या गोष्टी रंगवून सांगायची आणि गावात शहराच्या. दोन्हीकडं तपासायला कुणी येत नसे.

बाबा बाजारात एका अडत्याकडं कापूस तोलायच्या कामावर होते. सकाळी सायकलवर काळ्या केसांनी जायचे आणि संध्याकाळी डोक्यावर कापसाचे तंतू घेऊन पांढरे होऊन यायचे. रोज संध्याकाळी म्हातारे व्हायचे, आंघोळ केली की पुन्हा तरुण. पहाटे हापशीच्या दांड्याची किरकिर, मग जिनाचा भोंगा, मग मूर्तिजापूरकडं जाणाऱ्या छोट्या गाडीची शिट्टी आणि चढावर गिअर बदलणाऱ्या एसटीचं कण्हणं, एवढ्यात आमची सकाळ बसायची. थंडीत घराघरातून तुरीच्या सोल्यांच्या आमटीचा वास यायचा. वांगी भाजायची ती पऱ्हाटीच्याच जाळावर. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आता मी भरीत म्हणते खरी, पण म्हणताना डोळे मिटून घेते.

चुन्याच्या रेघेला जात कळत नव्हती. ज्यानं पैसे भरले त्याला तुकडा मिळाला. धनजला बौद्धांची वस्ती ओढ्यापलीकडं होती; मध्ये बाभळी, पाणी आणि किती पिढ्या कोण जाणे. लेआऊटात ओढा नव्हता. आमच्या आणि शेजारच्या किसनकाकांच्या घरांच्या मधे होतं ते फक्त पऱ्हाटीचं कुंपण. कापूस वेचून झाला की उपटलेली वाळकी झाडं, तीच पऱ्हाटी. दर साली आमच्या धनजच्या वावरातून गाडीभर यायची, आणि बाबा नि किसनकाका दोघं मिळून ती रोवायचे, सुतळीनं आवळायचे. कुंपण असं नवंकोरं, उंच, दाट उभं राहायचं. आणि मग दोन्ही घरं ते खायला सुरुवात करायची. पावसाळ्यात सरपण भिजलं की चूल पेटवायला कोरडी काडी लागे, आणि कुंपण वरून ओलं असलं तरी पोटातून कोरडं असे. आई इकडून एक काडी ओढायची, पंचफुलामावशी तिकडून एक. दोघी एकमेकींवर आळ घ्यायच्या.

‘‘पंचफुला, माह्या बाजूच्या काड्या कोन नेऊन राह्यलं वं?’’

‘‘उंदरं असतीन, वैनी. पातळ नेसलेली.’’

दिवाळीपर्यंत कुंपणाला खिडकी पडायची, संक्रांतीपर्यंत दरवाजा. त्यातून विरजण जायचं, निखारे यायचे, चाळणी जायची, आणि मी दिवसभर दोन्हीकडं.

पंचफुलामावशी म्हणजे किसनकाकांची बायको. काका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या कपड्यांना आणि त्यांनी आणलेल्या चिवड्यालाही ऑईलचा वास यायचा. घरात बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर रोज ताजं फूल. मावशी उंच, सावळी, खांदे पुरुषासारखे रुंद. तिला तिन्ही मुलगेच. मुलगी नव्हती, म्हणून तिनं माझी थोरली बहीण निर्मला अर्धी आपल्याकडं घेतली होती. निर्मलाचे केस कमरेखाली. रविवारी कुंपणाच्या दरवाजात पाट टाकून मावशी तिला तेल लावायची, आणि वेणीचा पेड ढिला आहे की घट्ट यावर आईचं आणि मावशीचं रीतसर भांडण व्हायचं. मला कुणी तेल लावायला मागत नसे, कारण मी बसत नसे.

मी नकला करायची. कंडक्टर, हेडबाई, अडत्याचा ढेकर, काकूचं ‘शयरातल्या बाया’, जिनाच्या भोंग्यानं दचकणारी आमची म्हैस. लेआऊटात लग्न-बारसं असलं की बायका मला मधे उभी करायच्या. पंचफुलामावशी पहिल्या ओळीत. ती हसायला लागली की आधी तिचे खांदे हलायचे, मग बांगड्या, आणि शेवटी आवाज यायचा. प्रत्येक वेळी संपल्यावर ती म्हणायची, ‘‘माह्यी कर ना वं बेबे एकदा. माह्यी काहून नाई करत?’’ मी म्हणायची, ‘‘तुमची नाही जमत, मावशी.’’ आणि खरंच जमायची नाही. ज्याची थोडी भीती वाटते किंवा थोडा राग येतो, त्याचीच नक्कल चांगली होते. मावशीच्या बाबतीत मला दोन्हीपैकी काही सापडायचं नाही. (बेबी हे माझं पाळण्यातलं नाव. आता गुडघे बोलतात, पण आमच्याकडं बेबी एकदा झाली की ती म्हातारी होत नाही.)

तर निर्मलासाठी जऊळक्याकडचं स्थळ आलं. बरी शेती, विहीर, मुलगा शिकलेला, आणि मुख्य म्हणजे हुंड्याचं तोंड लहान. दोन स्थळं आधी परत गेली होती. एकाला निर्मला काळी वाटली, दुसऱ्याला लेआऊट. त्यामुळं हे स्थळ जमावं म्हणून आई रोज देवापुढं बसत होती आणि बाबा उगाच सायकल पुसत होते. संक्रांतीनंतरच्या रविवारी पाहुणे जेवायलाच येणार, असा निरोप आला, आणि त्याच आठवड्यात आईच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुर्डं झालं. बोट सुजून भरताच्या वांग्यासारखं. अळशीचं पोटीस बांधून ती रात्रभर हात वर धरून बसायची. कणीक मळायचं तर सोडाच, तिला पदरही डाव्या हातानं घ्यावा लागे. धनजची काकू येणार होती, तिला नेमका ताप आला. निर्मला नवरी, तिला पाहुण्यांसमोर पिठाच्या हातानं कसं आणायचं?

पंचफुलामावशी कुंपणाच्या दरवाजात उभी होती. ती म्हणाली, ‘‘मी हाओ ना, वैनी. पुरनाच्या पोया तं सारेच करतात. आपन मांडे करू.’’

मांडा म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा, तो धोतरासारखा पातळ झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. मावशीच्या हातात तो गोळा फिरायला लागला की मी श्वास धरून उभी राहायची. आईला मांडे येत नव्हते. आमच्या नात्यात कुणालाच येत नव्हते.

‘‘अवं पण...’’ आई म्हणाली आणि थांबली.

मावशीनं ते ‘पण’ तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. ‘‘मी माह्या आंगनात करतो. तुमच्या चुलीले हात नाई लावत. कुंपनावरून देतो, पाव्हन्यायले काय समजते?’’

आईनं ‘असं काहून बोलते वं’ म्हणायला हवं होतं. रोज जिच्या विरजणाचं दही आम्ही खात होतो, तिला एवढं तरी म्हणायला हवं होतं. आई म्हणाली, ‘‘बरं.’’

‘‘पन माह्यी एक अट हाये,’’ मावशी म्हणाली. ‘‘तुमचा अंजिरी शालू नेसवसान ना निर्मलेले? पाव्हने गेले की तशीच साडीत माह्याकडं पाठवजा. मले डोये भरून पाह्यची हाये. मले कुठं पोरगी हाये?’’

‘‘हे काय सांगनं झालं?’’ आई म्हणाली. ‘‘पयली तुह्याकडंच येईन ते.’’

दुसऱ्या दिवशी बाबांनी धनजहून पऱ्हाटी आणवली. हलक्या रानातला कापूस लवकर सरला होता, तिथली. एरवी कुंपण उन्हाळ्याच्या तोंडाशी व्हायचं; यंदा काहून एवढी घाई, असं कुणी विचारलं नाही. पाहुणे अंगणात उन्हाला बसणार होते, आणि अंगणातून कुंपणाच्या दरवाजातून किसनकाकांची ओसरी सरळ दिसत होती. तसबीर, फूल, सगळं. बाबा काही वाईट माणूस नव्हते. ते काड्या रोवताना उगाच मोठ्यानं गाणं म्हणत होते आणि मधेच विसरत होते. थोड्या वेळानं पलीकडून किसनकाकांचा आवाज आला.

‘‘भाऊ, इकडून ढिलं राह्यलं. सुतळी द्या इकडं, मी आवळतो.’’

बाबांनी सुतळीचा गुंडा कुंपणावरून टाकला. किसनकाकांनी डेपोतले नट आवळावेत तशा गाठी मारल्या. एक माणूस इकडून, एक तिकडून, आणि दोघांच्या मधे कुंपण हळूहळू एवढं दाट झालं, की शेवटी नुसते आवाज उरले.

‘‘झालं काय पक्कं?’’ काकांनी विचारलं.

‘‘झालं,’’ बाबा म्हणाले. ते घरात आले, तांब्याभर पाणी प्याले आणि कितीतरी वेळ हातातली कुसळं काढत बसले.

रविवारी सकाळपासून मांडे कुंपणावरून यायला लागले. आमच्या बाजूला पाण्याच्या ड्रमावर मी उभी, पलीकडं मावशीचे उंच हात आणि हातांवर परात. परात आधी दिसायची, मग बांगड्या. मावशी दिसायचीच नाही. मला ही मोठी गंमत वाटत होती. मी मोठ्यानं ‘‘मुंबई-कारंजा विमान आलं!’’ म्हणून ओरडायची आणि पलीकडून खांदे हलल्याचा, म्हणजे बांगड्यांचा, आवाज यायचा. मधे मी कुंपणाला डोळा लावून पाहिलं. काड्यांमध्ये डोळ्याएवढी फट होती. मावशी मांडा फिरवत होती. जीभ डाव्या गालात दाबलेली, मांडा खापरावर पडताना तोंडातून बारीकसं ‘हुं’, आणि लगेच कपाळावरचा घाम पुसायला उजवा खांदा वर. जीभ, हुं, खांदा. मी तिथंच ड्रमावर उभं राहून करून पाहिलं. इतकी वर्षं न जमलेली नक्कल त्या फटीतून पाहताक्षणी जमली. कधी एकदा मावशीला दाखवते, असं मला झालं होतं.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची बहीण, आत्याबाई. मुलगा खाली मान घालून बसला, वडील कापसाच्या भावावर बोलायला लागले, आणि सगळ्यांना कळलं की निकाल आत्याबाईच लावणार. रुपयाएवढं कुंकू, आवाज जिनाच्या भोंग्यासारखा. निर्मला अंजिरी शालूत आली तेव्हा माझ्याही तोंडातून शब्द फुटेना, म्हणजे बघा. आत्याबाईंनी तिला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, केस खरे आहेत का ते ओढून पाहिलं. ‘‘ठीक हाये,’’ म्हणाल्या. मग अंगणात पानं मांडली. आत्याबाईंनी मांड्याचा तुकडा तोडला, तो उन्हाकडं धरला. पलीकडचं ऊन त्यातून दिसलं. त्यांनी तो खाल्ला, दुसरा मागितला, तोही खाल्ला, आणि हात थांबवून विचारलं,

‘‘हे मांडे कोनं केले वो?’’

‘‘घरीच झाले,’’ बाबा म्हणाले.

‘‘घरी तं झाले, पन कोनं? असा पातळ मांडा म्या आपल्यातल्या बाईच्या हातचा नाई पाह्यला. आमच्या गावात असे मांडे एकाच बाजूले होतात.’’

गावाची बाजू दाखवायला त्यांनी हनुवटी उडवली, आणि ती नेमकी कुंपणाकडं गेली. निर्मलाच्या हातातली तुपाची वाटी तिरपी झाली आणि तूप पानावर सांडत राहिलं. आई दारात उभी होती, दुखरा हात पदराखाली. तिचं तोंड उघडलं होतं. ती काय बोलणार होती?

आणि मी पुढं आले. मला कुणी ढकललं नव्हतं. ‘‘माह्या आईनं!’’ मी म्हणाले. ‘‘पाह्यचं काय कशी करते?’’ बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून मी त्याचा गोळा केला आणि दोन्ही हातांवर झेलायला सुरुवात केली. असा फिरवला, असा पसरवला, कोपरापर्यंत नेला. जीभ डाव्या गालात दाबली. काल्पनिक खापरावर मांडा टाकला, ‘हुं’ केलं, उजव्या खांद्यानं घाम पुसला. आधी मुलगा हसला, मग वडील, आणि मग आत्याबाईंचं पोट हलायला लागलं. मला प्रेक्षक सापडले होते. मी दुसरा मांडा केला, तिसरा केला, एक खाली पाडून म्हशीला दिला.

‘‘बाप्पा रे! नवटंकीच हाये हे पोरगी!’’ आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, ‘‘आन मायनं हात काहून झाकून ठेवला?’’

‘‘मांडे करू करू सुजला ना!’’ मी म्हणाले. ‘‘दाखव ना, आई!’’

हे मी त्या क्षणी, उभ्याउभ्या सुचून बोलले. माझ्या सबंध आयुष्यात याहून हजरजबाबी वाक्य मला सुचलेलं नाही. आईनं हात बाहेर काढला. पोटीस बांधलेलं, टरटरून सुजलेलं बोट. आत्याबाई ताटावरून उठल्या, उष्ट्या हाताचं भान न ठेवता त्यांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि गहिवरून म्हणाल्या, ‘‘अवं माय! एवढ्या दुखत्या हातानं? दादा, आता काही पाह्यचं नाई. अशी माय हाये तं पोरगी कशी असन!’’

लग्न तिथंच ठरलं. बाबांनी मला उचलून घेतलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, कुंपणापलीकडून धूर यायचा थांबला होता.

पाहुणे संध्याकाळच्या एसटीनं गेले. निर्मला शालू नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. आई म्हणाली, ‘‘निर्मले, जाऊन ये तिकडं.’’ निर्मला म्हणाली, ‘‘तू चाल संगं.’’ आई म्हणाली, ‘‘बेबीले ने.’’ मी म्हणाले, माझे पाय दुखतात. कुणीच उठलं नाही. पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता, एकेक भांडं ठेवल्याचा. आमचं तोंड उघडलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं, म्हणजे मघाशी आम्ही जे बोललो ते सगळं तिला ऐकू गेलं होतं, हे आम्हां सगळ्यांना एकदमच कळलं असावं. शेवटी निर्मला म्हणाली, ‘‘साडी चुरगळून राह्यली,’’ आणि तिनं शालू सोडून घडी घातली.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन निर्मला आणि मी गेलो. कुंपणाला दरवाजा नव्हता, म्हणून रस्त्यानं वळसा घालून, पाहुण्यांसारख्या पुढच्या दारानं. त्या दारानं मी त्याआधी कधी गेलेच नव्हते. मावशी खापर पुसून ठेवत होती.

‘‘जमलं म्हना! लय चांगलं झालं,’’ ती म्हणाली, आणि पहिला पेढा तिनं निर्मलाच्याच तोंडात घातला. निर्मला रडायला लागली. ‘‘मावशी, साडी...’’

‘‘पाह्यली ना म्या. पदर जरा जास्त खाली घेतला व्हता तुनं, लग्नात वर घेजो. किसनरावानं कुंपन तं पक्कं बांधलं, पन डोयाएवढी फट राह्यली. तिथंच उभी व्हती मी.’’ मग ती माझ्याकडं वळली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. ‘‘आन बेबे, अखेर केली वं माह्यी नक्कल! जीभ बी तशीच. खांदा बी.’’

ती हसली. खांदे हलले नाहीत, बांगड्या वाजल्या नाहीत, नुसतं तोंड हसलं. त्या हसण्याची नक्कल मला आजवर जमलेली नाही.

लग्नाला ती आली. तिनं निर्मलाला आहेर केला, पदर वर घ्यायची आठवण केली, आणि मागच्या पंगतीला जेवली. किसनकाकांनी मांडवाचे बांबू रोवले. बोलणं कुठंच तुटलं नाही. विरजण मागितलं तर मिळायचं, रस्त्यानं वळसा घालून. फक्त पाऊस सुरू झाला, सगळ्यांचं सरपण भिजलं, आणि पलीकडून कुणी काडी ओढली नाही. आई सकाळी चुलीपुढं बसायची, ओल्या लाकडावर फुंकर मारून डोळे लाल करायची, पण हात कुंपणाकडं नेत नसे. दिवाळी झाली, खिडकी पडली नाही. संक्रांत झाली, दरवाजा पडला नाही. कुंपण तसंच अख्खं, पावसानं काळं पडलेलं, दोन्ही बाजूंनी उपाशी असल्यासारखं उभं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी धनजहून नेहमीप्रमाणं गाडी आली. बाबा नव्या पऱ्हाटीचा भारा घेऊन अंगणात उभे राहिले.

‘‘हे कुठं लावू?’’ त्यांनी विचारलं.

आई घरात होती. पलीकडं किसनकाका ओसरीत होते, त्यांची विडी दिसत नव्हती पण वास येत होता. शेवटी बाबांनी भारा भुईवर ठेवला.

पुढं काकांची दुसऱ्या डेपोत बदली झाली आणि घर विकलं गेलं. आता त्या जागी तीन मजले आहेत, आणि कुंपणाच्या ओळीत दोन भिंतींच्या मधे हातभर बोळ, त्यात एसीचं पाणी ठिबकतं. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा मी तिला विचारलं, ‘‘आई, तेव्हा तुझं तोंड उघडलं होतं. तू काय सांगणार होतीस?’’ ‘‘तू बोलली नसतीस तं मीच बोलली असती,’’ ती म्हणाली. मला हायसं वाटलं. ‘‘खरं?’’ मी म्हणाले. ‘‘खरं काहून?’’ ती म्हणाली. ‘‘खोटंच बोलली असती. तुनं माह्यं काम केलं.’’

निर्मलाचा संसार सोन्यासारखा झाला, आणि तिच्या सासरी ती मांड्यांची गोष्ट घराची गोष्ट होऊन बसली. आत्याबाई असेपर्यंत त्या सांगायच्या. आता कुठलंही कार्य असो, मुलं मला धरून आणतात, ‘‘बेबीमावशी, ते मांड्यांचं!’’ नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. मी करते. गेल्या वर्षी निर्मलाच्या नातीचं लग्न होतं. माझे गुडघे दुखत होते, म्हणून एक चिमुरडी म्हणाली, तुम्ही बसा, मी करून दाखवते. कुणाचा तरी दुपट्टा घेऊन ती मधे उभी राहिली. असा फिरवला, असा पसरवला. तिनं मांडा आयुष्यात पाहिलेला नव्हता. पण जीभ बरोबर डाव्या गालात होती, ‘हुं’ जागेवर आलं, आणि घाम नसताना तिचा उजवा खांदा वर गेला. ‘‘मांडे कोणी केले?’’ तिनं ओरडून विचारलं, आणि सगळी पोरं एका सुरात म्हणाली, ‘‘पणजीनं!’’

निर्मला उठून आत गेली. मी तिथंच बसून राहिले, आणि टाळ्या वाजवल्या.